मोगली एरंडाचं कुंपण ठेवायचं की तोडायचं? विष, छाटणी, तेल आणि डिझेलचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमेश्वर तालुक्यात वडिलोपार्जित जागा, आंबा-काजूची कलमं, आणि सगळ्या बाजू धरून साधारण २०० मीटर मोगली एरंडाचं जुनं कुंपण. सुट्टीत पुण्याहून पोरं येतात. शेजारी म्हणतात हे विषारी आहे, उपटून टाका. दुसरीकडे एकजण म्हणतो उपटताय काय, बिया विका, तेल काढा, त्यावर पंप चालवा, लाखाचं झाड आहे. तर ठेवायचं की तोडायचं, आणि ठेवलं तर त्याचा नक्की उपयोग काय.

आधी उत्तर देऊन टाकतो, कारणं नंतर, कारण लांबण लागणार आहे. तोडू नका. कुंपण म्हणून याच्याइतकं स्वस्त आणि बिनकटकटीचं झाड कोकणात फारसं नाही. पण पीक म्हणून यातलं एक गुंठाभरही मुद्दाम लावू नका, कोणी कितीही सांगो. आणि पोरांची भीती आहे ती अगदी खरी आहे, पण त्यावरचा इलाज कुऱ्हाडीचा नाही, कोयत्याचा आहे. रोपवाटिका आणि शेतीसल्ला हाच माझा धंदा, जट्रोफाची, म्हणजे याच झाडापासून डिझेल करायची, लाट आली तेव्हा रोपं विकणारे पण जवळून बघितले आणि लावून बसलेले शेतकरी पण बघितले, त्यामुळे जे लिहितोय ते दोन्ही बाजू बघून लिहितोय.

पहिल्यांदा झाड तेच आहे ना याची खात्री करा. मोगली एरंड, वनएरंड, रानएरंड, चंद्रज्योत आणि सरकारी कागदावर जट्रोफा, सगळं एकच, शास्त्रीय नाव जट्रोफा कर्कस. पान तळहाताएवढं, तीन ते पाच बोथट कोनांचं, कडा गुळगुळीत. आपला नेहमीचा एरंड, ज्याचं एरंडेल निघतं, त्याचं पान पसरलेल्या पंजासारखं खोल कापलेलं आणि कडेला दातेरी असतं, फळावर मऊ काटे असतात. मोगलीचं फळ बिनकाट्याचं, साधारण आवळ्याएवढं, आधी हिरवं, मग पिवळं, मग काळपट होऊन झाडावरच वाळतं. हातात घेऊन दाबलंत की तीन खणांत फुटतं आणि प्रत्येक खणात एक काळी लांबट बी, दोन सेंटीमीटरच्या आतबाहेर, खरबरीत, बारीक चिरा पडलेली. एरंडाची बी याच्या उलट, चकचकीत आणि नक्षीदार ठिपक्यांची. हा फरक डोक्यात ठेवा, कारण दवाखान्यात जायची वेळ आली तर डॉक्टरला हेच पहिल्यांदा कळायला हवं असतं. एरंडाच्या बीत रिसिन नावाचं जहाल विष असतं, तो वेगळा आणि जास्त गंभीर मामला आहे.

नावांचा गोंधळ पण एका ओळीत सांगतो कारण त्यात धोका आहे. काही भागात लोक याच्या बियांना जमालगोटा म्हणतात, पण खरा जमालगोटा म्हणजे क्रोटन टिग्लियम नावाचं झाड (बागेतलं शोभेचं क्रोटन नव्हे), ते आणखी जहाल. आणि हिंदीत याला रतनजोत म्हणतात, तर त्याच नावाने बाजारात रंगासाठी एक लाल मूळ पण मिळतं जे काश्मिरी रस्स्यात घालतात. झाडं पूर्ण वेगळी. ऑनलाइन "रतनजोत" मागवताना बिया आल्या तर त्या स्वयंपाकघरात नेऊ नका एवढंच.

आता विषाचं. या बीची खरी खोड काय आहे तर ती चवीला वाईट नाही. काळं टरफल काढलं की आत पांढरा गर निघतो, तो गोडसर, शेंगदाण्याच्या जवळचा लागतो. कडू असता तर पोरांनी थुंकला असता. कडू नाही म्हणून एक खातो, दुसऱ्याला देतो, आणि शाळेच्या मागच्या बाजूला पाच-दहा पोरं मिळून खातात. पेपरात "एरंडाच्या बिया खाल्ल्याने विद्यार्थ्यांना विषबाधा" अशी बातमी आली की बऱ्याच वेळा तो हाच मोगली असतो, आणि एकटं पोर क्वचित असतं, गटच असतो. त्यामुळे तुमच्या घरातल्या एकाने खाल्लं असं कळलं तर लगेच विचारा, बरोबर कोण कोण होतं. दुसऱ्याच्या घरचं पोर घाबरून गप्प बसलेलं असतं.

आत विष दोन प्रकारचं आहे. एक कर्सिन नावाचं प्रथिन, जे रिसिनच्याच जातकुळीतलं, पण रिसिनला पेशीत शिरायला जो दुसरा तुकडा मदत करतो तो कर्सिनला नसतो, म्हणून ते तेवढं मारक नाही. उष्णतेने कर्सिन मोडतं. दुसरं म्हणजे फॉरबॉल एस्टर, आणि खरी गोम इथे आहे. हे तेलात विरघळतात, त्यामुळे तेलातही असतात आणि घाण्यातून निघालेल्या पेंडीतही राहतात, आणि भाजून जात नाहीत. म्हणजे "बी भाजली की विष जातं" हे जे कोणी सांगतं ते चूक आहे. भाजलेल्या बियांनी पण तेच होतं. फॉरबॉल एस्टर कातडीलाही झोंबतात, त्यामुळे तेल अंगाला चोळणं, केसांना लावणं असले प्रकार नकोत.

किती बिया खाल्ल्या तर काय होतं याचा सरळ हिशोब नाही. दोन-तीन बियांनी पोराला सडकून उलट्या होतात आणि कधी त्याहून जास्त खाल्लेला दुसऱ्या दिवशी खेळायला जातो, बीत विष किती आहे, पोट भरलेलं होतं का, चावून खाल्ली की नुसती गिळली, वजन किती, सगळ्यावर आहे. साधारण अर्ध्या तासापासून काही तासांत सुरू होतं. आधी घशात जळजळ, मग पोटात कळा, उलट्या, मग जुलाब. काही पोरं गळून जातात, झोपाळतात. बहुतेक जण एक-दोन दिवसांत पूर्ण बरे होतात, मृत्यू क्वचित. पण लहान मुलाच्या अंगातलं पाणी भराभर जातं आणि धोका तिथे असतो, म्हणून "होईल बरं" म्हणून घरी बसायचं नाही.

काय करायचं: मुद्दाम उलटी काढायची नाही. मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून तर नाहीच नाही. तूप, तेल, हळद-दूध, काही नको. तोंडात उरलेलं पुसून काढा, चूळ भरायला लावा, पोर शुद्धीत असेल आणि पोटात राहत असेल तर ओआरएसचे छोटे छोटे घोट द्या आणि सरळ दवाखाना गाठा. बरोबर फळ आणि बी पिशवीत घालून न्या, नुसतं पान नको. यावर उतारा असं औषध नाही, सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन आणि लक्ष ठेवणं हीच ट्रीटमेंट असते आणि ती पुरते. १०८ ची गाडी गावात येते. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७ हा टोल फ्री नंबर, डॉक्टरलाही तिथे विचारता येतं. चीक डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि मग डॉक्टरकडे, चोळू नका.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल मग ठेवा कशाला सांगता. तर मुळात हे विषारी आहे म्हणूनच ते चांगलं कुंपण आहे. गुरं, शेळ्या याला तोंड लावत नाहीत. शेळी जे खात नाही असं झाड शोधून बघा, यादी फार लांब होत नाही. बाकी काहीही जिवंत कुंपण लावा, पहिली दोन वर्षं त्या कुंपणालाच कुंपण घालावं लागतं. याला नाही. कोकणात दरवर्षी वई घालायची म्हणजे काटेरी फांद्या तोडा, ओढून आणा, बांधा, पावसात कुजलं की पुढच्या वर्षी परत तेच. हे एकदा रुजलं की पन्नास वर्षं जगतं. पाणी नको, खत नको, उन्हाळ्यात पानं गाळून नुसते सोटे उभे राहतात, लोकांना वाटतं मेलं, आणि पहिल्या पावसात परत फुटतं.

मर्यादा पण सांगतो. रानडुक्कर याने थांबत नाही, माकडाला तर हसायला होत असेल. गव्याने ठरवलं तर तो आडवा करून जातो. हे गुरा-शेळ्यांचं आणि हद्द दाखवायचं कुंपण आहे, वन्य प्राण्यांचं नाही. खोड मऊ असतं, आत भेंडासारखं, त्यामुळे तार ठोकायला डांब म्हणून फार भरवसा नाही. आणि पाणी साचलं की मुळं कुजतात, भातखाचराच्या मेरेवर जिथे आषाढ-श्रावण पाणी उभं असतं तिथे हे टिकत नाही, वरकस आणि उताराच्या जागेला उत्तम.

आता कोयत्याचा इलाज. फार लोकांना माहीत नसतं की याचा फुलांचा तुरा फांदीच्या अगदी शेंड्यावर येतो. बगलेत नाही, शेंड्यावर. म्हणजे शेंडा उडवला की त्या वेळचं फूल गेलं, आणि फूल गेलं की फळ नाही, बी नाही. फुलापासून फळ पिकायला साधारण तीन महिने लागतात. आपल्याकडे पाऊस पडला की फुटतं, पावसाळ्यात फुलतं, आणि फळं काळी होऊन तडकायला लागतात ती नेमकी दसरा-दिवाळीच्या आसपास, म्हणजे तुमची पोरं गावाला येतात त्याच वेळी. मेच्या सुट्टीत झाडावर फारसं काही नसतं, मागचे वाळके बोंड खाली पडलेले असतील तर तेवढेच. म्हणून मेमध्ये एक दणकून छाटणी, कंबरेच्या उंचीला. मग जुलै अखेरीला शेंड्यावर पोपटी-पिवळसर बारीक फुलांचे तुरे दिसायला लागले की सरसकट वरचा वीतभर भाग उडवायचा. परत फुटून परत तुरे काढेल, तेव्हा गणपतीच्या सुमारास आणखी एक हात. दिवाळीच्या आधी एकदा कुंपणाच्या कडेने चालत जा, चुकलेले घोस हाताने काढा आणि खाली पडलेल्या बिया गोळा करून खोल खड्ड्यात पुरा. २०० मीटरला दोघांचं एका दिवसाचं काम आहे. छाटल्याने कुंपण दाट पण होतं, खालून फुटवे येतात, म्हणजे दोन्ही कामं एकात. शाळांच्या कुंपणाला हे झाड असतं तिथे कोणी एवढं केलं तरी बातम्या कमी होतील असं माझं मत आहे, पण तिथे कोयता कोणी चालवायचा यावरच घोडं अडतं.

आणि पोरांना नुसतं "हात लावू नका" सांगून काही होत नाही. झाडाजवळ नेऊन फळ दाखवा, फोडून बी दाखवा, खाल्ल्यावर काय होतं ते सांगा. पोरं ऐकतात, त्यांना उलटीची गोष्ट आवडते. बदल्यात फुगे काढायला शिकवा. पानाचा देठ अर्धवट मोडायचा, तोडून वेगळा करायचा नाही, आणि दोन भाग हळूच जरा लांब करायचे की मधल्या फटीत चिकाचा पातळ पडदा धरतो. त्यावर अलगद फुंकर मारली की साबणासारखे फुगे निघतात, उन्हात इंद्रधनुष्याचे रंग दिसतात. अट दोनच, देठ तोंडात घालायचा नाही आणि नंतर हात साबणाने धुवायचे. आणि अंगात जुना शर्ट, कारण हा चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो पण वाळला की तपकिरी डाग पडतो तो कशानेही निघत नाही. आयांचा मार बहुतेकांनी विषापेक्षा या डागासाठीच जास्त खाल्लाय.

चिकाचा खरा उपयोग जखमेवर. शेतात कोयता लागला की मोगलीचा चीक लावतात, रक्त थांबतं. हे नुसतं ऐकीव नाही, तपासलं गेलंय, आणि त्यात गंमत अशी निघाली की शुद्ध चीक रक्त लवकर गोठवतो पण पाणी घालून खूप पातळ केला तर उलट गोठायला वेळ लागतो. तरी माझं म्हणणं, बारीक खरचटण्याला ठीक, खोल जखमेवर झाडाचा चीक लावत बसू नका, स्वच्छ फडकं दाबून धरा आणि टाके घालायला जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. काडीने दात घासणं, हिरडी सुजली की चीक लावणं हे पण जुने लोक करायचे. मी करत नाही आणि सुचवत पण नाही, तोंडात घालायला कडुनिंब, बाभूळ असताना हे कशाला.

जुलाबाचं औषध म्हणून बी देणारे पण होते. आयुर्वेदातली द्रवंती म्हणजे हीच असं काहीजण छातीठोक सांगतात. चरकसंहितेत दंती-द्रवंती आहे हे खरं, पण मोगली एरंड मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा, पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आफ्रिका करत इकडे पोचला असं मानतात. चरकाच्या काळी तो इथे असायचं कारण नाही. तेव्हा ग्रंथाच्या नावावर कोणी बीचं चूर्ण देत असेल तर घेऊ नका.

तेलाकडे येऊ. बीत ३० ते ४० टक्के तेल असतं, हे चांगलं प्रमाण आहे, आणि चंद्रज्योत नाव दिव्यावरूनच पडलं असावं. रॉकेल येण्याआधी दिव्याला हे वापरायचे. मात्र तेल जाड आहे, लांब वातीवर चढत नाही, कंदिलात घातलं तर वात काजळून विझते. पणतीत आखूड वात, ज्योत तेलाच्या जवळ, अशी ठेवली तर बरं जळतं. अटलांटिकमधल्या केप व्हर्दे बेटांवरून एकेकाळी या बिया जहाजं भरभरून पोर्तुगालला आणि फ्रान्सच्या मार्सेयला जायच्या, दिव्याच्या तेलासाठी आणि साबणासाठी. पश्चिम आफ्रिकेत माली देशात आजही शेताला याचीच कुंपणं आहेत आणि बाया बियांच्या तेलाचा साबण करतात. म्हणजे कुंपणाचं झाड आणि वरकमाई म्हणून बी, ही पद्धत तिथे रुजलेली आहे. मादागास्करकडे व्हॅनिलाचा वेल चढवायला पण हे झाड लावतात. घरी साबण करायच्या फंदात मात्र पडू नका, कॉस्टिक सोडा आणि वर हे तेल, दोन्ही हाताला झोंबणारी.

पेंड हा मला यातला सगळ्यात कामाचा भाग वाटतो. नत्र तीन-चार टक्क्यांच्या घरात, स्फुरद-पालाश पण आहे, शेणखतापेक्षा कितीतरी वरचढ. आंब्याच्या आळ्यात मातीखाली झाकून घातली तर चांगलं काम करते. फक्त गुरांना नाही, कोंबड्यांना नाही, आणि उघड्यावर टाकायची नाही. कोंबडी पेंड टोचते. तलावात, मासे असलेल्या विहिरीत धुवायला नेऊ नका, माशांना पण हे मारक आहे.

आणि आता तो लाखाचं झाड वाला मुद्दा. ही भानगड नवीन नाही. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला, त्यात डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचं २०११-१२ पर्यंत, आणि त्यासाठी १ कोटी १२ लाख हेक्टरवर जट्रोफा, असा आराखडा होता. आकडा परत वाचा, महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. राष्ट्रपती कलाम भाषणांमधून जट्रोफाबद्दल बोलायचे, छत्तीसगडमध्ये तर "डीजल नहीं अब खाड़ी से, डीजल मिलेगा बाड़ी से" अशी घोषणाच होती. जानेवारी २००६ पासून तेल कंपन्यांनी बायोडिझेल २५ रुपये लिटरने घ्यायचं ठरलं, आणि त्या भावात ते तयारच होत नव्हतं, म्हणून देणारं कोणी पुढे येईना. परदेशातही तेच वारं होतं, डिसेंबर २००८ मध्ये एअर न्यूझीलंडने जम्बो विमानाचं एक इंजिन निम्मं जट्रोफाचं इंधन घालून उडवून दाखवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०१८ ला स्पाइसजेटचं विमान डेहराडूनहून दिल्लीला आलं, त्यात पण छत्तीसगडच्या जट्रोफाचं इंधन होतं. म्हणजे इंधन होतं का, तर होतं. त्याबद्दल वाद नाही.

वाद शेतात होता. "पडीक जमिनीत, बिनपाण्याचं, बिनखताचं हेक्टरी पाच टन" असं सांगून रोपं विकली गेली. यातलं प्रत्येक वाक्य सुटं सुटं खरं आहे, एकत्र केलं की खोटं. पडीक जमिनीत जगतं, खरं. बिनपाण्याचं जगतं, खरं. पण जगणं वेगळं आणि बी देणं वेगळं. खडकाळ जमिनीत हेक्टरी टनभर मिळालं तरी पुष्कळ, बऱ्याच ठिकाणी त्याच्या निम्मंही नाही. चांगलं पीक हवं तर चांगली जमीन, खत आणि पाणी लागतं, आणि ते सगळं असेल तर शेतकरी हे विषारी झाड कशाला लावेल, सोयाबीन नाही का लावणार. शिवाय तुऱ्यात नर फुलंच फार, वीस-पंचवीस नर फुलांमागे एक मादी, आणि फळ मादीलाच. घोसातली फळं एकदम पिकत नाहीत, एकाच घोसात हिरवं, पिवळं, काळं तिन्ही असतं, त्यामुळे परत परत वेचायला जावं लागतं. विषारी आहे म्हणजे कीड येत नाही हा पण गैरसमज, रंगीत ढेकूण आणि बोंड पोखरणारी अळी याला बरोबर शोधून काढतात. पुढे धोरणं बदलत गेली, २००९ च्या धोरणात २० टक्क्यांची मुदत २०१७ वर गेली, २०१८ च्या धोरणात बायोडिझेलचं लक्ष्य २०३० पर्यंत ५ टक्के झालं, आणि वापरलेलं तळणाचं तेल गोळा करण्यावर भर आला. रोपं विकणारे केव्हाच दुसऱ्या धंद्यात गेले, ज्यांनी लावलं त्यांनी जेसीबी लावून उपटलं. बायबॅकचं, म्हणजे बी कंपनीच विकत घेईल असं, लेखी ॲग्रीमेंट होतं म्हणणारे भेटले, कागद दाखवायचे, पण कागदावरचा फोन लागत नव्हता.

तुमच्या २०० मीटरचाच हिशोब करू. अजिबात छाटलं नाही आणि सगळं जमून आलं तर कुंपणाला मीटरमागे पाऊण ते एक किलो बी, मालीतल्या कुंपणांचे आकडे साधारण असेच सांगतात. म्हणजे फार तर दोनशे किलो. गावच्या घाण्यावर एक लिटर तेलाला चार किलो बी धरा, पन्नास लिटर तेल. आधी हा घाणेवालाच मिळणार नाही, कारण त्यात हे काढलं की घाणा पूर्ण धुतल्याशिवाय खायचं तेल काढता येत नाही आणि तेवढी रिस्क कोणी शहाणा माणूस घेत नाही, घेऊ पण नये. मग वेचणी, वाळवणी, फोडणी. कोकणात आज गडी पाचशे-सहाशेच्या खाली येत नाही. तुम्हीच मांडा. आणि हे सगळं करायचं म्हणजे छाटणी बंद, म्हणजे दिवाळीत पोरांसमोर दोनशे किलो बिया लटकलेल्या.

पंपात कच्चं तेल घालायचा विचार पण सोडा. हे डिझेलपेक्षा साधारण दहापट जाड असतं. फिल्टर चोंदतो, इंजेक्टरवर काजळी धरते, सुरुवातीला छान चालतं म्हणून माणूस फसतो आणि मग पंप उघडायची वेळ येते. जुनी सावकाश फिरणारी इंजिनं यावर चालतात, आफ्रिकेत चालवली आहेत, पण तेल गाळून, गरम करून, आणि लक्ष ठेवायला माणूस असेल तर. बायोडिझेल करायचं तर मिथेनॉल आणि कॉस्टिक लागतं, मिथेनॉल विषारी आणि भडका घेणारं, ते घराच्या पडवीत करायचं काम नाही. त्या सल्ला देणाऱ्याला फक्त एवढंच विचारा की बी तूच विकत घेतोस का, कुठल्या भावाने, आणि उचल तुझी का. विषय तिथेच संपेल.

एक जाता जाता, मेक्सिकोत वेराक्रूझ भागात, पापांत्लाच्या आसपास, याच झाडाची बिनविषारी जात आहे. तिथले लोक बिया भाजून खातात, स्वयंपाकात घालतात, कारण त्यात फॉरबॉल एस्टर जवळजवळ नसतात. आपल्या कुंपणाला आहे ती ही जात नाही. दिसायला सारखीच, त्यामुळे कोणी "आमच्याकडची खायची आहे" म्हणालं तर प्रयोग स्वतःवर करू नका.

आता तुमच्या जागेसाठी नक्की काय करा. अंगण आणि पडवीच्या बाजूचं जे वीस-पंचवीस मीटर असेल, जिथे पोरं दिवसभर असतात, तेवढंच काढा आणि तिथे गिरीपुष्प लावा. त्याचेही खुंटेच रुजतात, पाला आंब्याच्या बुंध्यात खत म्हणून घालता येतो. पालाही उंदीर मारायला वापरतात, म्हणजे तोही तोंडात घालायचा नाही, पण पोरांना मोहात पाडेल अशी गोड बी तिथे नाही. गुरांच्या वाटेच्या आणि रस्त्याच्या बाजूला मोगलीच राहू दे. मेमध्ये छाटाल तेव्हा अंगठ्यापेक्षा जाड, हातभर लांबीचे दांडे वेगळे काढा, तीन-चार दिवस सावलीत पडू द्या म्हणजे कापलेलं तोंड सुकतं, ओलेच लावले तर पावसात कुजतात. मग जिथे जिथे खिंडार पडलंय तिथे वीत-वीतभर अंतरावर, वीतभर खोल, शेंड्याची बाजू वर ठेवून पुरा. पहिला पाऊस पडला की महिन्याभरात फुटतात. बाकीचा काडीकचरा कुंपणाच्या आतच पसरा, चुलीला नेऊ नका, एक तर ते धड जळत नाही आणि धूर डोळ्याला लागतो. आणि छाटायला जो गडी येईल त्याला आधीच सांगा, अंगावर जुने कपडे घालून ये.